बहिरूचा टाक आणि बशीएवढा मी

मी बोलतोय खरा, पण मला आवाज येतो तो एकच. जमिनीत कुठे धातू असला की माझ्या हेडफोनात ‘कुंई’ असं वाजतं. तेवढ्या एका आवाजावर मी उभी हयात काढली. आज मात्र मनातलं सगळं सांगून टाकणार आहे, तेव्हा जरा निवांत बसा.

मी एक मेटल डिटेक्टर. नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या गल्लीत वाल्मीकचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे चौऱ्याण्णव साली माझा जन्म झाला. वाल्मीकने एका मासिकातला सर्किटचा नकाशा बघून आम्हा तिघा भावांना घडवलं. थोरल्याचं तोंड जेवणाच्या ताटाएवढं, मधल्याचं ताटलीएवढं आणि माझं चहाच्या बशीएवढं. एवढंच कशाला, ती खरोखरच चहाची बशी होती. प्लॅस्टिकच्या दोन बशा एकमेकींवर चिकटवलेल्या, आत तांब्याच्या तारेचे वेढे. दांडा नळाच्या पाइपाचा. आता असल्या अवताराला कोण भाव देणार?

गिऱ्हाईक यायचं ते एकच विचारायचं, “किती खोल जातं?” थोरला खोल जायचा, म्हणून त्यालाच मागणी. गाडलेले पाइप आणि व्हॉल्व्ह त्यानेच शोधायचे. एकदा गोटीराम नावाचा गृहस्थ गुप्तधनाच्या नादाने त्याला भाड्याने घेऊन गेला. चार दिवस खणून बादलीची कडी मिळाली, तीही गंजलेली. मधला इगतपुरीकडे जायचा. तिकडच्या तांबड्या मातीत इतकं लोखंड भरलेलं की माती स्वतःच वाजते. ती गप्प करायला मधल्याला जास्तीचं बटण होतं. भाताच्या खाचरात रुतलेला नांगराचा फाळ त्याने काढला, तेव्हा वाल्मीकने दुकानात पेढे वाटले.

आणि मी? मी खिळ्याला टांगलेला. वीतभर खोलीपलीकडचं मला कळत नाही, म्हणून सगळे मला खेळणंच समजायचे. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या होळीआधी मखमलाबादचा कोंडाजी दुकानात आला. भाजीपाला आणि झेंडू पिकवणारा साधा माणूस. त्याच्यामागे त्याची म्हातारी आई अंबूबाई. तिला कानांनी जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही.

“वाल्मीकभाऊ, वीर हरवला हो आमचा,” कोंडाजी म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

नाशिककरांना वीर म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. घरातला तरणाताठा मुलगा लग्नाआधी गेला की त्याचा चांदीचा टाक करतात. टाक म्हणजे अंगठ्याएवढा पातळ पत्रा, त्यावर ठसा. तोच वीर. तो देवांत बसवतात. धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत, नाचवत गंगेवर नेतात आणि आंघोळ घालतात. गंगा म्हणजे आमची गोदावरी. अंबूबाईचा थोरला मुलगा बहिरू एकोणिसाव्या वर्षी गेला. भल्या पहाटे फुलं तोडताना त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. तेव्हापासून सत्तावीस वर्षं ती दर धुळवडीला आपल्या हाताने त्याला न्हाऊ घालत होती.

आणि धुळवडीला उरले होते पाच दिवस.

घडलं होतं ते त्यांच्याच घरात घडू शकलं असतं. बाकी लोक देवावरची शिळी फुलं गंगेत सोडतात. यांच्यात ती पद्धत नाही. रानातली फुलं रानालाच परत द्यायची, म्हणून निर्माल्य सगळं खताच्या खड्ड्यात जातं. कोंडाजीच्या बायकोने, चांगुणाने, होळीसाठी टाक घासायला काढले आणि वाळल्या हारांच्या ढिगाशेजारी ठेवले. त्यातला एक हारात अडकला. हार खड्ड्यात गेला. दुसऱ्या दिवशी कोंडाजीने खड्डा उपसून खत एकरभर पसरलं, वर वखराची पाळी घातली आणि पाणीही सोडलं. टाक मोजले तेव्हा एक कमी. चांगुणा तेव्हापासून जेवली नव्हती.

“मी म्हटलं, सराफाकडून नवा करून आणतो,” कोंडाजी खाली मान घालून म्हणाला. “पण आई ऐकत नाय.”

अंबूबाईला शब्द ऐकू आले नसतील, पण लेकाच्या तोंडाकडे बघून ती समजली. “पोरगं नवं करून मिळतं का रं कुठं?” एवढंच म्हणाली.

वाल्मीकने थोरल्याला खांद्यावर टाकलं आणि निघाला.

संध्याकाळी दोघे परत आले ते तोंड पाडून. थोरला म्हणे रानात पाऊल टाकल्यापासून बोंबलतच होता. चाळीस खड्डे खणले, निघाले खिळे आणि तारेचे तुकडे. दुसऱ्या दिवशी मधला गेला. त्याने माती गप्प केली खरी, पण तारा काही गप्प होईनात. एक आवाज संपायच्या आत दुसरा. तिसऱ्या दिवशी वाल्मीकने आम्हा तिघांनाही रिक्षात घातलं. मी पहिल्यांदाच उघड्या रानात आलो आणि बघतच राहिलो. केवढी ती जमीन! काळी, ओली, उन्हात चकाकणारी. जिच्या पोटातलं मी वीतभरच ऐकू शकतो, तिच्यापुढे मला आपल्या बशीची लाज वाटली.

त्या दिवशी वाल्मीकने खणायला सुरुवात केली नाही. तो बांधावर अंबूबाईजवळ बसला आणि तिच्या कानाशी ओरडला, “आजी, हे रान मुळात कसलं होतं?”

हे त्याने पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्याला ते कळलं, कारण विचारताना त्याचे कान लाल झाले होते.

अंबूबाई उठली. चपला काढल्या आणि अनवाणी चालायला लागली. दहा-दहा पावलांवर थांबायची आणि पायाने दाखवायची. “हितं द्राक्षाची बाग व्हती. उपटली, पण तारा हितंच राहिल्या. हितं विहिरीचा मुरूम टाकलाय. ह्यो खालचा पट्टा एकोणसत्तरच्या पुराचा गाळ हाय, ह्याच्यात काय नाय, निस्ती वाळू.” बोलत बोलत ती अख्खं एकर फिरली. एकदाही अडखळली नाही की मागे वळली नाही. देवाशपथ सांगतो, माझ्या अंगात वेढे आहेत तांब्याचे, पण जमीन ओळखायची ही विद्या मी जन्मात बघितली नव्हती.

मग वाल्मीकने वाळूचा पट्टा थोरल्याला दिला. तो पट्टा तासाभरात झाला, काही निघालं नाही. मुरुमावर मधला फिरला, तिथेही काही नाही. उरला तो बागेचा तुकडा, तारांनी भरलेला.

“कोंडाजीभाऊ, इथे मोठं तोंड चालायचं नाही,” वाल्मीक म्हणाला. “मोठ्याला दहा तारा एकदम ऐकू येतात, त्यात चांदीचा आवाज बुडून जातो. टाक काही खोल गेलेला नाही, खताबरोबर वरच आहे. इथे बशीच लागणार.”

एवढी वर्षं खिळ्याला टांगलेल्या माझी ही पहिली कामगिरी. वाल्मीकने सुतळ्या लावून हातहात रुंदीच्या सऱ्या आखल्या आणि मला मातीला घासून फिरवायला लागला. लोखंडी तार आली की मी नुसता खरखरायचो. वाल्मीकचा हात जरा थांबला की कोंडाजी कुदळ उचलायचा आणि वाल्मीक मान हलवायचा, “नाही, ही तार.” तो दिवस गेला. चौथाही गेला. चांगुणा बांधावर बसून होती, पदर तोंडाशी धरून. होळीच्या दिवशी दुपारी फक्त तीन सऱ्या उरल्या. मला भीती वाटायला लागली. वाटलं, मी ऐकलंच नसेल तर? वाल्मीकचा हात भरभर फिरत असताना टाक माझ्या खालून निसटून गेला असेल तर?

दुसऱ्या सरीच्या मध्यावर माझ्या तोंडाखालून काहीतरी गेलं. खरखर नव्हती त्यात. स्वच्छ, गोल, ‘कुंई’.

वाल्मीक जागच्या जागी थांबला. परत फिरवलं. परत ‘कुंई’. कोंडाजी कुदळ घेऊन धावला, पण वाल्मीकने त्याला हाताने अडवलं. हेडफोन काढले, आवाज पूर्ण चढवला आणि ते अंबूबाईच्या डोक्याला लावले. पदराखाली ते वेडेवाकडे बसले. मग त्याने मला हळूच पुढे नेलं.

मी आयुष्यात कधी लावला नव्हता एवढा जोर लावला.

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. कित्येक वर्षांत तिच्या कानात आवाज असा शिरला नसावा. ती मातीकडे बघत राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

“काय म्हणतो, आजी?” वाल्मीकने खुणेनेच विचारलं.

“हाक मारतो,” ती म्हणाली. “खणू नगं रं एवढ्यात. आणिक एकदा.”

सातआठ वेळा ऐकून झाल्यावर तिने मान हलवली. मग चांगुणाने हातानेच माती उकरली. टाक निघाला, वखराचा फटका बसून एका कडेला वाकलेला. सासूने सुनेला जवळ घेतलं. “उठ, जेव आता,” म्हणाली. चांगुणा हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी हलगीच्या तालावर बहिरू गंगेवर गेला आणि अंबूबाईने त्याला न्हाऊ घातलं. वाकलेली कड सराफाकडून सरळ करून घ्यायला ती तयार झाली नाही.

त्यानंतर दर धुळवडीला, गंगेवरून परतताना, ती दुकानात यायची. ओला टाक टेबलावर ठेवायची आणि हेडफोन लावून बसायची. वाल्मीक मला टाकावरून फिरवायचा. हलगी, गर्दी, सगळी द्वारका तिच्यासाठी मुकी असायची. तिला माझा तेवढा एक आवाज पोचायचा. मी धातू ओळखणारं यंत्र, मला माणसाचं काय कळणार? पण त्या एवढ्याशा चांदीतून ती काय ऐकत असेल, या विचाराने मी अजून थरारतो.

दोन हजार पाचच्या श्रावणात अंबूबाई गेली. पुढच्या धुळवडीला मी उगाच वाट बघत होतो. दुपारी दारात कोंडाजी उभा. त्याने टाक टेबलावर ठेवला.

“वाल्मीकभाऊ, मला दादाचा आवाजच आठवत नाय. मी लय लहान व्हतो तवा,” तो म्हणाला. “आई काय ऐकायची, ते मलाबी ऐकू द्या एकदा.”

ऐकलं त्याने. मग कितीतरी वेळ हेडफोन डोक्यावर ठेवूनच बसला.

आता दुकानात मोबाइलचे रिचार्ज होतात. थोरला आणि मधला भंगारात गेले. माझ्या दांड्याला तडा आहे, सेल गळून आतला पत्रा हिरवा पडलाय. परवा वाल्मीक भंगारवाल्याशी बोलताना माझ्याकडे बोट दाखवत होता. त्याचं चूक नाही, जागा तरी किती आहे दुकानात. पण माझं एवढंच मागणं आहे की मला राहू द्या. नवे सेल घाला, हिरवं खरवडून काढा. धुळवडीला कोंडाजी येतो, आणि त्याच्या भावाचा दुसरा आवाज या जगात कुठेच नाही.