कुंकवाखालचे कलम

मी एक जुना गॅझेटचा अंक आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना माझी छाती फुगते. गॅझेट म्हणजे सरकारने काय ठरवले ते लोकांना कळवणारा छापील कागद. सन १८६६ मध्ये मुंबईच्या छापखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ अगदी नवे होते. त्याने केलेले दोन कायदे माझ्या पोटात होते, तेही मराठीतून छापलेले. एक सरकारी छापील कागदांविषयी, दुसरा जमिनीच्या साऱ्याविषयी.

पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, मी पनवेल बंदरात उतरलो. तिथून खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात गेलो. दवंडी पिटली गेली, आणि चावडीवर एका कारकुनाने मला मोठ्याने वाचले. ते ऐकून तिथले पाटील उठले, त्यांनी कारकुनाकडून मला मागून घेतले आणि डोक्यावर ठेवून घरी नेले. "या कागदानं आपलं खळं राखलंय," एवढेच त्यांनी घरच्यांना सांगितले. खळे म्हणजे मासळी सुकवण्याची गावाची जागा.

मग मी लाल फडक्यात गुंडाळला जाऊन देव्हाऱ्यात बसलो. दर नारळी पौर्णिमेला मला बाहेर काढत, पाटलांनी बोट ठेवून दाखवलेले पान उघडत, त्यावर कुंकू वाहत आणि नारळाचे पाणी शिंपडत. मान मोठा होता, पण वाचणारे कुणीच नव्हते. नारळाच्या गोड पाण्याने माझी ती दोन पाने एकमेकांना घट्ट चिकटली. पुढे लोक बंद पानांवरूनच कुंकू वाहू लागले. वाचण्यासाठी छापलेल्या कागदाची नुसती पूजा व्हावी, याचा मला फार राग येई. अठ्ठ्याऐंशी वर्षे मी तो राग गिळला.

सन १९५४ मध्ये एका शेठने सरकारकडे अर्ज केला. खाडीकाठची ही जागा पडीक आहे, तिचा लिलाव करावा, मला तिथे वखार बांधायची आहे, असे त्याने लिहिले. पावसाळ्याआधी त्या खळ्यावर साऱ्या वाड्याचा जवळा आणि बोंबील सुकत. खळे गेले असते, तर चार महिने खायचे काय आणि बाजारात विकायचे काय?

एके दिवशी सकाळी चौकशीला सरकारी साहेब आले. शेठने तर आधीच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. वाड्याचे आताचे पाटील काळूराम, म्हणजे त्या जुन्या पाटलांचे पणतू, मला छातीशी धरून पुढे आले. साहेबांनी पाने उलटली. नेमकी मधली दोन उघडेनात. त्यांनी नख घातले तशी कड फाटली, आणि काळूराम ओरडले, "सायेब, द्येव हाय तो आमचा!"

"देव असेल, पण मला वाचता आला पाहिजे," साहेब म्हणाले. "तीन वाजेपर्यंत थांबतो. नाहीतर मला लिलावाचा हुकूम लिहावा लागेल."

काळूरामांची बहीण भीमाबाई पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विके. तिने मला सरळ उचलले आणि चुलीकडे नेले. भाताचे भांडे रटरटत होते.

"भीमे, पाप लागंल!" काळूराम म्हणाले.

"खळा गेल्यावर पुण्य काय चुलीवर शिजवू?" ती म्हणाली. "रंभे, इकडं ये गो. तू चौथी शिकलीस ना? मी वाफ देतंय, तू पान सोडव."

रंभा तिची नवी सून. तिने आजवर मला शिवलेसुद्धा नव्हते. तिने पदराला बोटे पुसून माझी कड धरली आणि खरे सांगतो, मी घाबरलो होतो. शाई पुसली गेली तर? वाफ लागली. पान ओले झाले, केसभर सुटले, मग बोटभर. शेवटी ते उघडले. सगळे लालेलाल झाले होते, पण अक्षरे जागची हलली नव्हती. आमच्या छापखान्याची शाईच तशी!

खळ्यावर येऊन रंभाने वाचले, "मासळी वाळविण्याकरिता पूर्वापार चालत आलेल्या जागांवर सारा घेऊ नये, व त्या दुसऱ्या कोणास देऊ नयेत." खाली गावांची यादी होती. तिच्यात तिने वाड्याचे नाव वाचले आणि तिचा आवाज चढला.

शेठ हसला. "हा तर इंग्रजांचा कायदा. त्यांना जाऊन सात वर्षं झाली!"

साहेबांनी मला हातात घेतले आणि माझे पहिले पान उघडले. तिथे माझा पहिला कायदा होता. त्यात म्हटले होते, सरकारने छापलेला अंक हाच पुरावा, त्याला दुसरा साक्षीदार नको. आणि त्यातले काही रद्द करायचे, तर तेही छापूनच.

"शेठ, हे कलम रद्द झाल्याचं कुठल्या अंकात छापलंय? दाखवा."

असा अंक शेठकडे नव्हताच. साहेबांनी अर्ज फेटाळला. बायांनी खुंट्या उपटल्या आणि त्याच जागेवर जवळा पसरला. एवढा आरडाओरडा मी चावडीवरच्या दवंडीतही ऐकला नव्हता. रंभाला तर ते कलम पाच वेळा वाचावे लागले.

साहेब निघाले तेव्हा भीमाबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. "सायेब, आज तुमी लिवलात, त्ये बी छापून घ्या. आमची नातवंडा वाचतीन."

साहेबांनी शब्द दिला आणि पाळला. दोन महिन्यांनी टपालाने माझा धाकटा भाऊ, म्हणजे तो निर्णय छापलेला नवा अंक, पाटलांच्या घरात आला. कोरा, करकरीत, आणि पहिल्याच दिवशी वाचला गेलेला!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना कागद फडक्यात बांधून ठेवलेला असेल. त्याला जरूर जपा, पण आधी उघडून वाचा. वाचता येत नसेल, तर ज्याला येते त्याला घरी बोलवा, ताटभर मासळी वाढा आणि मोठ्याने वाचून घ्या.