बंद म्हणजे चालू

पंपघराच्या कामावर चार देशांच्या चार कंपन्या होत्या. बांधकाम एकीचं, पंप दुसरीचे, वीज तिसरीची, आणि या तिघींवर देखरेख ठेवणारी चौथी. त्या चौथ्या कंपनीत ती समन्वयक होती. समन्वयक म्हणजे नेमकं काय करतेस गं, असं सासूबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तिच्या धाकट्या दिरानं परस्पर उत्तर दिलं होतं, "आई, तीन जावा एकाच स्वयंपाकघरात घुसल्या की मध्ये उभं राहून जी तिघींची बोलणी खाते ना, ती वहिनी."

सगळे हसले. तीही हसली.

दीर वेल्डर होता, पंपवाल्या कंपनीकडे. अंगानं इतका सडपातळ की कामावर सगळे त्याला काडीच म्हणत. दुसऱ्या कोणाचा खांदा अडकेल अशा नळातून तो सरपटत आत जायचा आणि शीळ घालत बाहेर यायचा. या नोकरीची खबर तिनंच घरी आणली होती. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू आहेस ना तिथे, मग मला घोर नाही." त्या अगदी सहज बोलल्या, पण तो घोर उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवलाय असं तिला तेव्हापासून वाटत होतं.

कामावर सगळे इंग्रजीत बोलत, आणि इंग्रजी कोणाच्याच घरची नव्हती. प्रत्येकानं ती आपापल्या कामापुरती, आपापल्या वळणानं शिकलेली. पंपवाल्यांचा मुख्य अभियंता हाडापेरानं एवढा उंच की दारातून येताना मान वाकवायचा. त्याला पोरं लांबोबा म्हणत. माणूस सज्जन, हसतमुख, कोणाशीही हात मिळवणारा. वीजवाल्यांच्या नियंत्रण कक्षात एक बाई बसायची. तो कक्ष मैदानापलीकडच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. ती खाली कधी यायची नाही, बैठकीतही पडद्यावर तिचा फक्त आवाज. म्हणून तिचं नाव पडलं 'वरची'. लांबोबा आणि वरची दिवसभर वॉकीटॉकीवर एकमेकांशी बोलत, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

तिच्या मनात भीती शिरली ती एका पंख्यामुळे.

तळघरातली हवा खेचणारा मोठा पंखा बसवत होते. लांबोबानं वॉकीटॉकीवर विचारलं, "क्लोज्ड?" वरून उत्तर आलं, "क्लोज्ड." आणि पंखा भर्रकन सुरू झाला. जवळ कोणी नव्हतं. एकाची टोपी उडाली, ती पकडायला दोघं धावले, आणि जो तो हसायला लागला. ती मात्र हसली नाही. संध्याकाळी तिनं लांबोबाला वेगळं गाठून विचारलं, "क्लोज्ड म्हणजे तुम्ही काय समजता?"

तो गोंधळला. "बंद. झडप बंद, पाणी बंद, सगळं बंद. दुसरं काय असणार?"

मग तिनं वरचीला फोन केला. तिथून तितक्याच सहजपणे उत्तर आलं, "क्लोज्ड म्हणजे सर्किट जोडलं. वीज वाहायला लागली. दुसरं काय असणार?"

दोघंही बरोबर होते. पाण्याचं काम करणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द थांबण्याचा, आणि विजेचं काम करणाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द सुरू होण्याचा. इतके महिने तो इकडून तिकडे फेकला जात होता आणि दोन्ही बाजूंना माणसं माना डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तिनं विषय काढला. प्रकल्पप्रमुख घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, ही सगळी वीस-वीस वर्षं मुरलेली माणसं आहेत. आता त्यांची शब्दांची शिकवणी घ्यायची का? पुढच्या बैठकीत बघू." लांबोबा हसला. पुढच्या बैठकीत सिमेंटचा विषय निघाला आणि तोच चालला.

पण तिची झोप उडाली. जेवताना ती मध्येच थांबायची. नवरा म्हणाला, "सुट्टी घे जरा. तुला कामाचा बाऊ करायची सवयच आहे." तो म्हणतो तसंच असेल, असंही तिला वाटायचं. आपण उगाच भुतं बघतोय.

एके दिवशी दुपारी ती सामानाच्या आवारात बांधकामाच्या सुपरवायझरशी जिन्याच्या कठड्यावरून हुज्जत घालत होती. कमरेला लावलेल्या वॉकीटॉकीवर नेहमीची कलकल चालू होती. तिचे कान तिकडे नव्हतेच. आणि तेवढ्यात लांबोबाचा आवाज आला, "तिसरा पंप. माझा माणूस आत जातोय. सगळं क्लोज्ड आहे ना?"

त्याच क्षणी क्रेनवाला मध्ये काहीतरी बोलला आणि लांबोबाचं अर्धं वाक्य खरखरीत बुडालं. वरून उत्तर आलं, "तिसरा पंप क्लोज्ड. नक्की."

सुपरवायझर बोलत होता. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. वरचीला 'माणूस आत' हे ऐकू गेलंय का? गेलं असतं तर ती नक्की म्हणाली असती का? तिसऱ्या पंपाची मोटर सकाळीच तपासली होती, म्हणजे वीज जोडलेलीच होती. आणि पाणी जिथे चढवायचं त्या डोंगरावरच्या टाकीतली पातळी उतरली की पंप आपोआप सुरू व्हायचा. कोणी बटण दाबायचीही गरज नव्हती.

आणि तिसऱ्याच्या अरुंद नळात लांबोबाचा एकच माणूस मावत होता.

तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "थांबा! तिसऱ्याची वीज तोडा!" पण क्रेनवाले भार उतरवत होते, "खाली, अजून खाली, डावीकडे," आणि दोघांनी एकदम बटण दाबलं की कोणाचंच ऐकू जात नसे. कर्कश शिट्टीसारखा आवाज आला, तेवढाच. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा शिट्टी.

ती धावत सुटली. मैदान ओलांडून वर जायचं की खाली पंपाकडे? वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत फार वेळ गेला असता. ती पंपघराचा जिना उतरायला लागली. एका पायरीवर पाय निसटला, कठडा नसल्यामुळे तिनं भिंतीला हात घासून तोल सावरला आणि तळहाताची सालं निघाली. पंपाशेजारी ते मोठं लाल बटण होतं, दाबताक्षणी पंप थांबवणारं. पण त्याच्यावर अजून प्लास्टिकची पिशवी चढवलेली होती. त्याची तार कोणी जोडायची, हे दोन कंपन्यांमध्ये अजून ठरायचं होतं.

तिसऱ्या पंपाच्या नळाचं झाकण उघडं होतं. आतून ग्राइंडरचा किरकिरता आवाज येत होता आणि ठिणग्यांचा उजेड हलत होता. लांबोबा तोंडाशी उभा होता. तिला बघून त्यानं अंगठा वर केला.

"त्याला बाहेर काढा! वीज चालू आहे!"

"नाही, नाही," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी विचारून घेतलंय. क्लोज्ड आहे."

"तुमचं क्लोज्ड नाही, तिचं क्लोज्ड!"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्याला एक अक्षरही कळलेलं नव्हतं, आणि त्याला समजावत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिनं नळात डोकं घातलं. "भाऊजी! बाहेर या! भाऊजी!" तिचाच आवाज घुमून तिच्या कानांवर आदळला. काडीच्या कानांत बोळे होते. तिनं जवळचा पाना उचलून नळावर ठोकला. आतून ओरडून उत्तर आलं, "पुरे, पुरे, दिसतंय मला!" त्याला वाटलं, बाहेरचे विचारताहेत की उजेड पुरतोय का.

ग्राइंडरची वायर तिच्या पायाशी होती. ती भिंतीपर्यंत गेली होती. तिनं धावत जाऊन प्लग उपटला.

किरकिर थांबली. ठिणग्या विझल्या. मग आतून काडीची अस्सल शिवी आली आणि सरपटण्याचा आवाज यायला लागला. आधी बूट दिसले. मग पोटऱ्या. ती त्याच्या पँटला धरून ओढत होती आणि तो आतून ओरडत होता, "अरे कोण आहे तो शहाणा? सोड ना! मी काय गोणी आहे का?" कंबर बाहेर आली, छाती आली, शेवटी काळं झालेलं तोंड. समोर त्याला वहिनी दिसली.

"वहिनी? आईला काही झालं का?"

ती उत्तर देणार, तोच नळाच्या आत काहीतरी गुरगुरलं. मग तो गुरगुराट चढत चढत गेला आणि पंपाची पाती कोरडीच गरगरायला लागली. लोखंडाचा कीस उडून तिघांच्या तोंडावर आला. आत राहिलेला ग्राइंडर पात्यांत सापडला आणि हाडं मोडावीत तसा कडकड आवाज झाला.

लांबोबा वॉकीटॉकीत किंचाळला, "क्लोज! क्लोज! क्लोज!"

वरून शांत, काहीशी बुचकळ्यात पडलेली उत्तरं येत राहिली. "हो, क्लोज्डच आहे. क्लोज्डच आहे."

तिनं त्याच्या हातातून यंत्र हिसकावलं. "पंप फिरतोय. तो थांबवा. त्याच्या तारेतली वीज तोडा. आत्ता."

पाती मंदावली, अडखळली, थांबली. एवढ्या मोठ्या तळघरात तिघांच्या श्वासांशिवाय काही ऐकू येईना. लांबोबा एवढा थोरला माणूस, भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुम्ही का ओरडत होता?" वॉकीटॉकीतून वरचीनं विचारलं. "काय झालं?"

"तिथे माणूस होता," ती म्हणाली. "आत्ताच बाहेर काढला."

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली एक बाई धापा टाकत खाली आली. वरची खाली आली होती. ती नळाच्या तोंडाशी गेली आणि वाकून आत बघितलं. पात्यांत ग्राइंडरचा चेंदामेंदा अडकला होता. ती काडीजवळ आली, त्याचा कोपर धरला, आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. काडीला ते कळलं नाही. "असू द्या, असू द्या," असं तो मराठीत म्हणत राहिला, आणि ते तिला कळलं नाही.

घरी काही सांगायचं नाही, असं दीर-भावजयीचं वाटेतच ठरलं. त्या रात्री काडी नेहमीसारखा जेवला, आईची थट्टाही केली. पण पाण्याचा पेला उचलला तेव्हा तो दातांवर वाजला. सासूबाई मुलाकडे बघत राहिल्या, मग सुनेच्या सोललेल्या तळहाताकडे. त्यांनी हळद लावून फडकं बांधून दिलं.

हात धुताना काडी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मी आत आहे हे तिथे कितीजणांना माहीत होतं?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "लांबोबाला. आणि मला."

तो मान हलवून आत गेला. नंतरचा आठवडाभर अंग दुखतंय म्हणून घरीच राहिला.

आता बैठकीला प्रकल्पप्रमुख घड्याळ काढून ठेवून बसले. 'क्लोज्ड' हा शब्द कामावरून हद्दपार झाला. वीज आहे किंवा नाही, पाणी आहे किंवा नाही, माणूस आहे किंवा नाही, असं बोलायचं. आणि ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. लाल बटणाची तार वीजवाल्यांनी जोडली. कोणाचं काम होतं, हा वाद कोणी काढलाच नाही.

काडी कामावर परतला, त्या दिवशी तिसऱ्या पंपाचं राहिलेलं काम त्याच्याच वाट्याला आलं. लांबोबा म्हणाला, नको जाऊस, मी दुसरा माणूस शोधतो. काडी म्हणाला, "दुसरा मावणार कसा?" वरची स्वतः खाली आली. विजेच्या पेटीला तिनं कुलूप घातलं होतं. त्याची किल्ली तिनं काडीच्या हातात दिली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली. मग ती नळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली, तो बाहेर येईपर्यंत उठणार नाही अशा बेतानं.

काडीचे बूट नळात दिसेनासे झाले. सगळं तपासलेलं होतं. समन्वयक बाईनं ते स्वतः पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं, प्रत्येकाकडून, साध्या शब्दांत. तरी आत ग्राइंडर सुरू झाला तशी ती वरचीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोघी त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिल्या.