बिनदारूची जिन

गुरुशांतनं दारू सोडली याचा आनंद राजेश्वरीला जेमतेम पंधरवडाभर पुरला. मग तिच्या लक्षात आलं की दारूबरोबर माणसंही सुटली.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गुरुशांतचं पेंडीचं दुकान. सरकीची पेंड, भुसा, कोंडा; सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हशींच्या तब्येतीची चौकशी. दर शुक्रवारी शटर ओढलं की तो, पाइपांचा दुकानदार तिप्पण्णा आणि बँकेतून रिटायर झालेला शिवयोगी असे तिघं तिप्पण्णाच्या गोडाऊनमध्ये जमायचे. घरात मात्र थेंब आला नाही कधी. लिंगायताचं घर, आणि सासूबाई शरणम्मा गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या. लेकाचं त्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी त्या एक शब्द न बोलता त्याच्यापुढं तांब्याभर ताक ठेवायच्या. एवढ्यात खटला चालून निकालही लागायचा.

दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी त्याला त्याच्याच यकृताचा फोटो दाखवला. त्यानं तो बराच वेळ बघितला, घरी आला आणि सोडली. सोडली म्हणजे सोडलीच. पण शुक्रवार काही कुठं गेला नाही, तो आपला येतच राहिला. जुळे सोलापुरातल्या त्या घरात हा माणूस शुक्रवारी संध्याकाळी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं लावायचा, घड्याळांचे सेल बदलायचा, आणि करण्यासारखं काही उरलं नाही की शाळा सुटल्यावर न्यायला कुणीच न आलेल्या पोरासारखा गॅलरीत उभा राहायचा. तिप्पण्णा, शिवयोगी कुणी फिरकलं नाही. राजेश्वरीनं एकदा विचारलं तर म्हणाला, "आता माझ्याकडं हाय काय त्यांना यायला?"

त्या दिवसापासून तिला धडकी भरली. हा असाच उभा राहिला तर एखाद्या शुक्रवारी चपला घालून गोडाऊनकडं चालायला लागेल. माणसं नसतील तर दारू परत येणार, हे तिचं साधं गणित होतं.

उपाय सुचवला पुण्याच्या लेकीनं, सिद्धेश्वरीनं. म्हणे, आता दारू नसलेली जिन मिळते. वास तोच, बाटली तीच, नशा नाही. राजेश्वरीनं विचारलं, मग असतं काय तिच्यात? लेक म्हणाली, आई, तू आधी पिऊन बघ. आणि कुरिअरनं बाटली पाठवून दिली.

बाटली बघताच राजेश्वरीनं ती पदराखाली घेतली. ती थेट दारूच्या दुकानातून उठून आल्यासारखी दिसत होती. 'जिन' एवढं मोठं लिहिलेलं की रस्त्यावरून वाचावं, आणि 'नॉन अल्कोहोलिक' मुंगीच्या पायांएवढं. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं ती शिलाई मशिनच्या कव्हराखाली लपवली आणि त्या दुपारच्या झोपल्या की मोबाईलवर व्हिडिओ लावून शिकायला बसली.

व्हिडिओतल्या पोरीकडं चकाकती भांडी होती. राजेश्वरीकडं खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं टोपण होतं, त्याचं माप झालं. हलवायला स्टीलचा डबा घेतला. पहिल्याच दिवशी डब्याचं झाकण उडालं आणि पुदिना पंख्याच्या पात्याला जाऊन चिकटला. जिन नुसती चाखली तर देवदाराचं लाकूड उगाळून लिंबाच्या सालीबरोबर पाण्यात सोडल्यासारखी लागली. गिळल्यावर घशाशी किंचित चुरचुर. कोकमाबरोबर तिचा काढा झाला. आल्याबरोबर तर साक्षात सर्दीचं औषध. मग एकदा सांगोल्याच्या डाळिंबांचा रस, लिंबू, गुळाचा पातळ पाक, टोपणभर जिन आणि वरून गार सोडा असं जमलं आणि राजेश्वरी उभ्या उभ्या अख्खा ग्लास पिऊन गेली. ग्लासच्या काठाला त्या पोरीनं मीठ लावलं होतं. हिनं काठ लिंबानं ओला करून शेंगाचटणीत टेकवला. सोलापूरचं मीठ म्हणजे शेवटी तेच.

तिनं तिप्पण्णाला आणि शिवयोगीला स्वतः फोन केला. शुक्रवारी संध्याकाळी घरी या, गच्चीवर, मी बोलावतेय. दोघंही येतो म्हणाले. जिनचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. झाकलेली पुरणपोळी ताटात पडली की जी चव लागते ती सांगून लागत नाही, असं तिचं मत. घोटाळा इथंच झाला.

शुक्रवारी तिनं गच्चीवर टेबल मांडलं. चटणीचा काठ लावलेले ग्लास, बर्फाची बादली, आणि शोभा यावी म्हणून बादलीत मधोमध बाटली. बाजूच्या मोठ्या कुंडीत शरणम्मांचा बेल होता. रोज सकाळी पूजेला त्याचीच पानं. डाळिंबाचा रस आणायला राजेश्वरी खाली गेली. गुरुशांत नुकताच दुकानातून येऊन आंघोळीला शिरला होता. तेवढ्यात बाहेरच्या जिन्यानं दोघं मित्र थेट वर गेले.

रसाचं भांडं घेऊन ती वर आली तेव्हा शिवयोगी जिन्याच्या तोंडाशी पहारेकऱ्यासारखा उभा होता. त्याच्या मागं तिप्पण्णा कुंडीपाशी उकिडवा बसलेला. त्याच्या हातात बाटली होती, उलटी, आणि ती बेलाच्या मुळाशी घळघळ रिकामी होत होती.

तिप्पण्णानं तिला बघितलं, पण हात आवरला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमी काय बोलू नका. मांजरानं पाडली म्हणून सांगू. त्यानं परत चालू केली व्हय? कवापासनं? तुमी फोन केला तवाच आमी वळखलं, काय तरी भानगड हाय."

"मीच ठेवली होती ती," राजेश्वरी म्हणाली.

शिवयोगी वळला. बँकेत खोटी सही पकडल्यावर बघत असेल तसं त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुम्ही? वहिनी, तुम्ही?"

मग तिनं बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं दाखवली. शिवयोगीनं चष्मा कपाळावर चढवून ती मोठ्यानं वाचली. तिप्पण्णा रिकाम्या बाटलीकडं आणि ओल्या मातीकडं आळीपाळीनं बघत राहिला. दारू नसलेली दारू लोक कशासाठी करतात, एवढंच त्याला विचारायचं होतं, पण ते विचारायच्या आत गुरुशांत वर आला.

केस ओले, अंगावर इस्त्रीचा शर्ट. राजेश्वरी बघत होती तिकडं त्यानं बघितलं, तिप्पण्णाच्या हातात रिकामी बाटली दिसली, तसा त्याचा चेहरा असा उतरला की तिला खालच्या मजल्यावर पळून जावंसं वाटलं.

"संपवलीसुद्धा?" तो म्हणाला. "माझ्या घरी यिऊन, मी आंघोळीत असताना?"

तिघं एकदम बोलायला लागली, त्यामुळं त्याला काहीच कळलं नाही. शेवटी शिवयोगीनं बँकेच्या मीटिंगसारखा हात वर करून इतरांना गप्प केलं आणि क्रमानं सगळं सांगितलं. गुरुशांतनं ऐकून घेतलं. मग इतके महिने गिळलेलं विचारलं, आला का नाहीत?

तिप्पण्णा कुंडीच्या काठावर बसला. "आमची सुटली न्हाय की अजून. अंगाला वास येतो. तो घिऊन तुझ्या दारात कसं यायचं?"

"मग आंघोळ करून यायचं की," गुरुशांत म्हणाला.

इतके महिने ही साधी गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती, हे तिप्पण्णाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

एवढ्यात भिंतीला हात लावत शरणम्मा वर आल्या. त्यांनी टेबल बघितलं, बाटली बघितली, कुंडीतली ओली माती बघितली. "राजव्वा," त्या म्हणाल्या, "बेलाला काय घातलंत?"

राजेश्वरीनं शपथेवर सांगितलं की दारू नाही. शिवयोगीनं अक्षरं पुन्हा वाचून दाखवली. पण छापील अक्षरावर शरणम्मांचा भरवसा नव्हता; पेंडीच्या पोत्यावरही काय काय छापतात ते त्या जन्मभर बघत आल्या होत्या. उद्या सकाळी ही पानं लिंगावर वाहायची की नाही, हे आत्ता ठरायला हवं होतं. त्यांनी तिघा पुरुषांकडं एकेक करून बघितलं.

"हितं दारूची पारख कुणाला हाय?"

तिघांनीही फरशी बघितली. सोलापुरात इतकी स्वच्छ झाडलेली गच्ची दुसरी नसेल अशा कौतुकानं बघितली. शेवटी शरणम्मांचं बोट तिप्पण्णाकडं वळलं. त्यांनी त्याला खरं बोलायची शपथ म्हणून बेलाला हात लावायला लावलं आणि बाटलीत राहिलेले थेंब पी म्हणाल्या.

तिप्पण्णानं डोळे मिटून बाटली तोंडात उपडी केली. जिभेवर घोळवलं, गिळलं, वाट बघितली. आणखी थोडी वाट बघितली. मग डोळे उघडून म्हणाला, "न्हाय, काकू. अजिबात न्हाय."

हे तो इतक्या मनापासून दुःखी होऊन म्हणाला की शरणम्मांची तत्काळ खात्री पटली. आणि गुरुशांत हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, शेवटी खुर्ची पकडून. राजेश्वरी रसाचं भांडं हातात घेऊन नुसती बघत उभी राहिली. गार रस कोमट होतोय, हेही तिला सुचलं नाही.

बाकीचं जिनशिवायच झालं. रस, लिंबू, पाक, सोडा. तिप्पण्णानं काठाची चटणी चाटून परत मागितली. शरणम्मांनी आपला ग्लास घेतला, पण बर्फ बेडा, सोडा बेडा, दोन्ही नको म्हणून राहिलेला तो निव्वळ रस त्यांनी मिटक्या मारत संपवला आणि खाली गेल्या. तिघं मग म्हशी, पाइप आणि बँकेतले जुने साहेब यांच्यावर बोलत बसले. पुढच्या शुक्रवारी शिवयोगीकडं, असं त्यातच कधीतरी ठरून गेलं. आंघोळ करून, असं तिप्पण्णानं वर जोडलं.

गुरुशांत त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. राजेश्वरी वर ग्लास गोळा करत होती. खाली तिप्पण्णाची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ ती नुसती फटफटत राहिली, मग बंद झाली आणि तिघांच्या गप्पा परत सुरू झाल्या. राजेश्वरीनं ग्लास टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसली. आता घाई नव्हती.