वरूडच्या पेटीतली कातीण

मनकर्णाबाईंच्या अमरावतीच्या घराला कोळ्यांचा तोटा कधीच नव्हता, आणि त्यात दोष कुणाचा असेल तर तो त्यांच्या माहेराचा होता. बागेतली आंबिया बहाराची संत्री तुटली की वरूडहून धाकटा भाऊ देवीदास दरवर्षी त्यांची लाकडी पेटी धाडायचा. वर कोळशाने लिहिलेलं बहिणीचं नाव, आत वाळलं गवत, गवतात संत्री आणि त्यांच्या आडोशाने विनातिकीट आलेल्या दोन-चार कातिणी. वऱ्हाडात कोळ्याला कातीणच म्हणतात. पेटी उघडली की या पाहुण्या भिंतीवर चढायच्या आणि बघता बघता माळ्यावर संसार थाटायच्या.

मनकर्णाबाईंना त्याचं काही वाटत नसे. आईबाप कधीच गेले होते. पेटीतून येणारा गवताचा आणि सालीचा वास, एवढंच आता माहेर उरलं होतं. तो वास आला की त्यांना आपल्या बागेतलं माल भरायचं छप्पर दिसे. पेट्या भरण्याआधी गवताचा ढीग झटकणं हे थोरल्या मनकर्णाचं काम, कारण देवीदास कातिणीला भ्यायचा. साप दिसला तर काठी घेऊन धावणारं हे पोर अंगावर कातीण चढली की खांबासारखं उभं राहायचं आणि डोळे मिटून नुसतं "बाई, बाई" करायचं. थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणे. मग ती कातिणीवर वाटी पालथी घालायची, खालून कागद सरकवायची आणि तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन सोडून द्यायची.

यंदा मात्र घरात रांगतं बाळ होतं. सून प्रतीक्षा स्वभावाने गरीब, पण कोळी दिसला की ती बाळाला उचलून अंगणात पळायची. बिचारीने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कुंच्याने अंड्यांसकट जाळी काढली, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, किडे जमतात म्हणून दारावरचा दिवा बंद ठेवला. शेवटी फवारणीवाल्यालाही बोलावलं. माळ्यावरच्या रिकाम्या पेट्या पाहून तो म्हणाला की हे बाहेरून येणं थांबवा, नाहीतर औषध वाया जाईल. प्रतीक्षाने सासूकडे एकदा पाहिलं आणि ती गप्प बसली. ती काही बोलली असती तर मनकर्णाबाईंना भांडता तरी आलं असतं.

मग एका सकाळी बाळाच्या दुपट्यावरच कातीण निघाली. मनकर्णाबाईंनी वाटी घालून ती बाहेर नेली, पण प्रतीक्षा बाळाला छातीशी धरून कितीतरी वेळ रडत होती. त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी सगळ्या पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि वरूडला फोन लावला.

"देवीदास, यंदा पेटी पाठवू नोको. कातिनी येतात. पोरगी भेते."

पलीकडून नुसतं "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला.

एरवी गुडघ्यांपासून शेजारणीच्या म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करणारा भाऊ एका शब्दात आटोपला, हे मनकर्णाबाईंच्या फार जिव्हारी लागलं. आपल्याच हाताने माहेराला कडी घातली, असं त्यांना वाटत राहिलं. चौकात संत्र्यांच्या गाड्या लागल्या तेव्हा त्यांनी तिकडून जाणंच सोडलं. मुलाने, शेखरने, हौसेने संत्री आणली तर त्यांनी एकही न सोलता ती आंबट ठरवली.

आणि एका दुपारी देवीदास स्वतःच दारात उभा राहिला. एसटीने आलेला, घामाने निथळलेला, दोन्ही हातांत कापडी थैल्या. थैल्यांत संत्री.

"पाठवू नोको म्हनलं होतं ना मी?" मनकर्णाबाईंनी त्याच्या हातातली एक थैली घेत विचारलं.

"पेटी नोको म्हनली होती तू. भाऊ नोको म्हनलं होतं काय?"

खाली बसता बसता त्याने सांगितलं की मजुरांवर भरवसा ठेवला नाही. छपरात बसून एकेक संत्रं आपल्या हाताने गवतातून काढलं, उलटसुलट पाहिलं, फडक्याने पुसलं.

"गवतात तू हात घातला?"

"मंग काय करू? तू इथं."

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. देवीदास थैली सरकवायला वाकला, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून प्रतीक्षाला त्याच्या पाठीवर, कॉलरच्या जरा खाली, कातीण दिसली. तिने तोंडावर हात ठेवला आणि सासूला डोळ्यांनीच खुणावलं.

"देवीदास," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "हालू नोको."

साठी ओलांडलेला तो माणूस काय ते समजला. सावकाश उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई."

"हावो. हाय मी इथंच."

वाटी आणि कागद प्रतीक्षानेच आणून दिला, हात होता तितका लांब करून. मग तिने जाऊन दार सताड उघडलं. मनकर्णाबाईंनी वाटी अलगद टेकवली, कागद सरकवला आणि कुंपणाजवळच्या जास्वंदीवर कातीण सोडून दिली. देवीदासचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"गेली काय?"

"गेली, मामाजी," प्रतीक्षा म्हणाली. "पुढच्या वर्षी पेटीच पाठवा. आपण ती अंगणात उघडू."

देवीदासने एक डोळा किलकिला केला.

"पाठवतो," तो म्हणाला. "पन गवत बाईच झटकीन."