बटणाची चावी

काशीरामने फियाटच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि टेस्ट लॅम्पचं टोक एकेका वायरीला लावून पाहू लागला. प्रत्येक ठिकाणी दिवा नीट पेटत होता. फ्यूज चांगला होता. रिलेचं झाकण उघडलं तर आत ना गंज, ना मुंगी. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत सगळं इतकं शाबूत असावं, याचाच त्याला राग आला. मेली एक तरी वायर कुजलेली सापडायला काय हरकत होती!

शेडच्या खांबाला टेकून दमयंती उभी होती. तिच्या हातात भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर होतं.

"काय सापडलं का, भाऊजी?"

"बघतोय अजून."

बघायचं आता काही उरलं नव्हतं. तरी तो तसाच आडवा पडून राहिला, कारण बाहेर आलं की तिच्या तोंडाकडे पाहावं लागणार होतं.

तिचा नवरा हरिश्चंद्र हा काशीरामचा शाळेपासूनचा दोस्त. तो बोटीवर इंजिनखात्यात होता. पंच्याऐंशी साली सुट्टीवर येताना त्याने जपानहून एक खोका आणला. त्यात वायरींचा गुंता, चार मोटरी आणि काडेपेटीएवढ्या दोन काळ्या डब्या होत्या. प्रत्येक डबीवर एक बटण. ते दाबलं की चाळीस पावलांवरून गाडीच्या चारही दारांची कुलपं टक्‌ करून उघडायची, पुन्हा दाबलं की टक्‌ करून बंद व्हायची. दोघांनी तीन दिवस खपून ते यंत्र बसवलं. मग अख्खी वाडी बघायला लोटली. लोकांनी त्या डबीला बटणाची चावी असं नाव दिलं, आणि काशीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मारुती मंदिराजवळच्या त्याच्या टपरीत तोवर दुरुस्तीला हॉर्न आणि डायनॅमोच यायचे. त्या भरात तो दमयंतीला म्हणाला होता, "वहिनी, ही गाडी आता हरीच्या शब्दाबाहेर नाय. बटण दाबल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी कुलूप हलायचं नाय." बोलताना माणसाला काय कळतं, ते शब्द पुढे कुणाच्या उशाशी जाऊन बसतील ते!

यंदा जानेवारीत तार आली. चीनच्या समुद्रात वादळात बोट गेली होती. अकरा माणसं वाचली, त्यांत हरी नव्हता. त्याचा देहही सापडला नाही. त्याची आई, आनंदीबाई, दोन दिवस देवापुढून उठल्या नाहीत. दमयंती मात्र रडली नाही. लोक म्हणाले, पोरीचं काळीज दगडाचं आहे. लोकांचं काय जातं म्हणायला.

आणि आठ दिवसांनी सकाळी अंगण झाडताना तिने ऐकलं. टक्‌.

आसपास कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन चाव्यांपैकी तिची स्वतःची दिवाळीपासून बंद पडलेली, सेल काढून कपाटात ठेवलेली. दुसरी हरीजवळ होती, तसं त्याने पत्रातच लिहिलं होतं. मग बटण दाबतंय कोण? तिने हे सासूला सांगितलं नाही. म्हातारीला कानाने कमी ऐकू यायचं, आणि तिच्या जिवाला आणखी आस लावायची कशाला? ती नुसती कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करू लागली. दर रविवारी गाडीचं इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायची, बॅटरी उतरू नये म्हणून. आता चैत्र आला होता.

लांज्याहून तिचा भाऊ दोनदा येऊन गेला होता. तिथे बालवाडीत बाईंची एक जागा निघाली होती आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. तो येत्या रविवारी तिला न्यायला येणार होता. दमयंतीने त्याला एकच सांगितलं होतं: गाडीत बिघाड आहे असं काशीरामभाऊजी म्हणाले तर बॅग भरेन, नाहीतर इथून हलणार नाही. भावाने टपरीवर येऊन काशीरामला हात जोडले होते. अवघी एकोणतिसाची बाई. एका कुलपाच्या आवाजावर तिचा जन्म टांगलेला.

शेवटी काशीराम बाहेर आला आणि बोळ्याने हात पुसत राहिला.

"यंत्रात बिघाड नाही, असंच ना?" तिनेच विचारलं.

खोटं बोलायला किती वेळ लागतो? पण वीस वर्षांत त्याने चांगल्या पार्टाला कधी वाईट म्हटलं नव्हतं. जीभ वळली नाही.

"यंत्र ठीक हाय, वहिनी."

तिच्या तोंडावर जो उजेड आला तो पाहून तो घाबरला. तिने कॅलेंडर छातीशी धरलं. ते त्याने मागून घेतलं. साडेसात ते आठच्या दरम्यान, रोज एक खूण. फेब्रुवारी भरलेला, मार्च भरलेला, पण मार्चच्या मध्यावर पाच चौकोन रिकामे होते.

"हे पाच दिवस?"

"त्या दिवसांत नाही वाजलं."

"घरात कोण होतं तेव्हा?"

"मी एकटीच. आई हेदवीला बहिणीकडे गेल्या होत्या."

हे ती सहज बोलून गेली. काशीरामने मात्र त्या पाच चौकोनांवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. मग उद्या सकाळी येतो म्हणून तो सायकलवर बसला.

दुसऱ्या दिवशी तो सातलाच हजर. दमयंतीला त्याने शेडमध्ये उभं केलं, वाजलं की मला हाक मारा म्हणाला, आणि स्वतः चहाचा कप घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसला. तिथून देव्हारा समोर दिसत होता. शेड आणि देव्हारा यांच्यात एका भिंतीचंच अंतर होतं, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

आनंदीबाई आंघोळ करून आल्या. देवांना फुलं वाहिली. मग देव्हाऱ्यापुढच्या पितळेच्या ताटातला नारळ उचलला, त्याच्या शेंडीला पाणी लावलं, कुंकू लावलं. ताटात तांदूळ होते आणि तांदळांत लाल फडक्याची एक लहान पुरचुंडी होती. त्यांनी नारळ त्या पुरचुंडीवर ठेवला, कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसवला, आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, माझं पोर जिथं असंल तिथनं त्याला घरी आण."

टक्‌.

"भाऊजी," शेडमधून दमयंतीची हाक आली, "ऐकलंत?"

काखेत कळसा म्हणतात तो हा. काशीरामला आनंद व्हायला हवा होता. बिघाड सापडला की त्याला नेहमी होतो. त्याला ओरडून रडावंसं वाटलं. कप खाली ठेवून तो म्हातारीजवळ जाऊन बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, नारळाखाली काय हाय ते.

आनंदीबाईंनी आधी ताटावर पदर ओढला. मग काशीरामचं तोंड पाहून त्यांचा हात सैल पडला. हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या सासूकडून आलेली रीत होती. समुद्रावर निघालेल्या माणसाची एक वस्तू घरच्या बाईने गुपचूप काढून ठेवायची. त्या वस्तूच्या शोधात तो माघारी येतो. मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. दर खेपेला त्यांनी हरीचं काही ना काही ठेवून घेतलं होतं. एकदा फणी, एकदा रुमाल, एकदा एका पायाचा मोजा. गेल्या गणपतीनंतर तो निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत ही डबी हाताला लागली. तार आल्यावर त्यांनी ती पेटीतून काढून नारळाखाली ठेवली.

"एवढीशी डबी," त्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक, त्याचा जीव तिच्यात हाय म्हणून."

निघायच्या सकाळी हरीने त्या डबीसाठी सगळं घर उलटंपालटं केलं होतं. ती खिशात असली की घर खिशात आहे असं वाटतं, असं तो म्हणायचा. सापडेना तेव्हा तो दमयंतीवर घसरला, वेंधळी म्हणाला, घरात एक वस्तू धड राहत नाही म्हणाला. तीही मग उलट बोलली. एसटी स्टँडपर्यंत दोघं गेली ती एकमेकांशी न बोलता, आणि गाडी सुटली.

"मी चुलीपुढं बसून ऐकत होते रे, काशीराम. तोंड उघडलं नाय. उघडलं असतं तर गुण गेला असता ना?"

मग काशीरामने म्हातारीला तिला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. नारळ दाबला की भिंतीपलीकडे काय वाजतं, आणि ते ऐकून तिची सून तीन महिने काय समजून बसली आहे. आनंदीबाईंनी नारळाकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे.

"रोज?"

"रोज, काकी."

त्याने एक तोड सुचवली. आतला सेल मी काढून घेतो. वायर कुजली होती असं सांगतो. वीस वर्षांत बोललो नाय, एकदा बोलेन. नारळ तुमचा तिथंच राहू दे. कुणालाच काही कळायला नको.

शेडमधून निघून दमयंती अंगण झाडायला लागली होती. खराट्याचा आवाज येत होता. काय करायचं ते आनंदीबाईंना कळत होतं. सांगितलं की गुण जाणार होता. गुण गेला की पोरगा गेला. आजवर तो गेला आहे असं जगाने म्हटलं होतं, त्यांनी नव्हे.

"ही दुसरी कुणाची पोर हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नवसापायी किती दिवस अडकवून ठेवू?"

त्यांनी नारळ उचलून बाजूला ठेवला. पुरचुंडी घेतली, भिंतीला हात लावत उठल्या आणि स्वतः अंगणात गेल्या. काशीराम मागोमाग गेला. त्यांनी दमयंतीच्या हातातला खराटा काढून खाली टाकला आणि पुरचुंडी तिच्या ओंजळीत ठेवली.

"माझ्याकडंच होती गो. मीच काढून घेतलेली. तू वेंधळी नव्हतीस."

दमयंतीने फडकं सोडलं. डबीच्या खाचांत तांदळाचे दोन दाणे अडकले होते. तिने बटण दाबलं. शेडमध्ये टक्‌. पुन्हा दाबलं. टक्‌. काशीरामने मान खाली घातली. हंबरडा फुटेल, म्हातारीला काही वेडंवाकडं बोलेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती कसल्याशा विचाराने थबकली, मग आत गेली आणि हरीचं पत्र घेऊन आली. कोलंबोहून आलेलं, बोट बंदराला लागल्यावर लिहिलेलं. घड्या पडून पडून ते मधोमध विरलं होतं. त्यातली एक ओळ तिने सासूच्या कानाशी वाकून वाचली.

"'चावी माझ्याच बॅगेच्या अस्तरात सापडली. उगाच बोललो तुला. तुझी काही चूक नव्हती.'"

"पण ती तर इथंच होती," आनंदीबाई म्हणाल्या.

"हो ना," दमयंती म्हणाली. "त्यांना सापडलीच नव्हती. तरी लिहिलं."

आणि ती पायरीवर बसली. तार आल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आता आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. तिने ते पुसलंही नाही. म्हातारी तिच्या शेजारी टेकली. काशीरामला काय करावं सुचेना, तेव्हा त्याने पडलेला खराटा उचलून भिंतीला लावला.

निघताना त्याने विचारलं, सेल काढून देऊ का. ती नको म्हणाली. कधीतरी आपला आपण संपेल.

मग नाक पुसून तिने सासूचा हात धरला आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"आई, शनिवारी मी लांज्याची बॅग भरणार. उघडीच ठेवीन. काय काढून घ्याल ते मला सांगू नका."