शांताबाईच्या टाचा

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे शांताबाई म्हणत. खरं नाव वेगळंच होतं. पण फोनवर पलीकडे कुणी हंबरडा फोडो की शिव्या घालो, हिचा आवाज तसूभर हलत नसे. नवीन माणसांना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत, ऐकून शिकावं म्हणून.

एका दुपारी फोन आला तो तिच्या आईचाच. वडील न्हाणीघरात कोसळले होते.

"अगं, तूच आहेस ना? बाबा बघ गं कसे करतायत!"

शांताबाई म्हणाली, "पत्ता सांगा."

आईनं आपल्याच लेकीला आपल्याच घराचा पत्ता सांगितला. गाडी लगेच निघाली. ती पोचेपर्यंत छाती कशी दाबायची, हेही शांताबाईनं नीट समजावलं. तरी वडील गेले.

भेटायला येणारे पांगल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू मला पत्ता विचारलास." त्यानंतर भाजी काय आणू, गॅस संपत आलाय, यापलीकडे दोघींमध्ये बोलणं उरलं नाही.

शांताबाईला रडूच येईना. जबडा मात्र सदा आवळलेला. दातांच्या डॉक्टरांनी तर विचारलं, "झोपेत कुणाशी भांडता की काय?"

शेवटी वहिनीनं तिला आपल्या नाचाच्या क्लासला ओढून नेलं. वहिनी तिथे वजन उतरवायला जायची. वजन काही उतरलं नव्हतं, पण ती घरी येऊन दादावर ओरडायची बंद झाली होती. गॅरेजच्या वर एक लांबट खोली, खाली लाकडी फळ्या, एका भिंतीला आरसा. नाच फ्लामेंकोचा, स्पेनमधला. टाचेला खिळे मारलेले बूट घालून बायका फळ्यांवर ताल धरत. शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या, काटक.

"मला नाच जमत नाही," शांताबाई म्हणाली.

"रडायला जमतं?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग ये. इथे हसरा चेहरा ठेवायचा नसतो. जे आत असेल ते पायात उतरू द्यायचं."

ती जाऊ लागली. टाच, चवडा, टाच, सगळं बिनचूक. पण बाई वैतागत. "जमिनीला विनंती काय करतेस? चांगलं सुनाव तिला!"

पावसाळा सरला तरी विनंतीच चालली होती. मग एका संध्याकाळी बाईंनी तिला एकटीला मध्ये उभं केलं. गिटार सुरू झाली, बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. शांताबाईनं हात वर नेले आणि का कोण जाणे, तिला न्हाणीघराचं अर्धवट उघडं दार दिसलं. ती फोनपाशी बसून होती तेव्हा त्या दाराशी आई एकटी होती. शांताबाईनं टाच आपटली. पुन्हा आपटली. ताल कधीच सुटला होता, पिंडऱ्यांत गोळे आले, पण पाय थांबेनात. आणि घशातून, इतके दिवस अडकलेलं, बाहेर पडलं, "आई गं!"

ती फळ्यांवर बसून ढसाढसा रडली. बाईंनी टाळ्या थांबू दिल्या नाहीत.

घरी आई तांदूळ निवडत होती. शांताबाई तिच्यासमोर बसली.

"आई, मी तुला पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं. पण तुला आई म्हटलं असतं ना, तर मी तिथेच कोलमडले असते. मग गाडी कुणी पाठवली असती?"

"ते कळत नाही का मला?" आई खालमानेनं म्हणाली. "केव्हाच कळलं. पण नंतर तरी रडायचं होतंस गं माझ्याजवळ. मी एकटीच रडत राहिले. वाटलं, हिला काहीच वाटत नाही."

शांताबाईनं तिचे हात धरले. बराच वेळ ताटातल्या तांदळाला कुणी हात लावला नाही. मग डोळे पुसत आईनं विचारलं, "काय करता तरी काय त्या नाचाच्या क्लासात?"

शांताबाईनं स्वयंपाकघरातच करून दाखवलं. आई ओट्याला धरून उठली आणि गुडघे दुखत असतानाही तिनं एक पाय आपटून पाहिला. मग दुसरा, जरा जोरात. भांडी थरथरली.

खालच्या मजल्यावरचे काका तणतणत वर आले. आईनं दार उघडलं. तिचे रडून सुजलेले डोळे पाहून ते एक पायरी मागे सरले.

"थोडं सहन करा," आई म्हणाली. "आमचं एक काम राहून गेलं होतं. ते करतोय."

काका मान हलवून जिना उतरले. आईनं दार लोटलं, पदर खोचला आणि लेकीला म्हणाली, "हात कसे धरायचे म्हणालीस?"