मागच्या गाडीतला माणूस

चंपतराव डायरे बुटीबोरीच्या एका कापड गिरणीची स्टाफ-बस बावीस वर्षं चालवत होते. ते रिटायर झाले त्याच वर्षी गिरणीने बसही भंगारात काढली. चंपतरावांनी ती विकत घेऊन नागपूरच्या नंदनवन भागात घरासमोर आणून उभी केली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. आत दोन पलंग, पाण्याची टाकी, छपरावर सोलरचं पॅनेल आणि मागच्या मोठ्या खिडकीला लागून ओटा. ओटा खिडकीशीच पाहिजे, हे त्यांच्या बायकोचं, शामलाबाईंचं म्हणणं होतं. "तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या केल्या मी," त्या म्हणाल्या होत्या, "आता बाहेरचं दिसलं पाहिजे."

बस झाली, पण चंपतरावांचं मन भरलं नाही. त्यांना जायचं होतं उमरेडच्या पुढे, जंगलातल्या एका तलावावर, आणि शेवटच्या तीन किलोमीटरच्या चिखलवाटेने बस जाणार नव्हती. म्हणून त्यांनी एका लाकूड ठेकेदाराचा जुना फोर-बाय-फोर पिकअप ट्रक घेतला. तो बसच्या मागे बांधून न्यायचा, चारही चाकं रस्त्यावरच. डांबरी रस्ता आहे तिथवर बस, पुढे ट्रक.

"म्हणजे घर चाललं, अन् घरामागे गाडी चालली," शामलाबाई म्हणाल्या. "मंग नंदनवनात काय राहिलं, लाइटचं मीटर?"

दसरा झाल्यावर एका सकाळी ते निघाले. चंपतरावांनी स्वतः वेल्डिंग केलेला लोखंडी दांडा बसच्या मागे आणि ट्रकच्या पुढे पिनांनी अडकवला. ट्रकचा गिअर न्यूट्रलला टाकला, शेजारचा फोर-बाय-फोरचा छोटा लिव्हरही न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला. किल्ली लावून तशीच ठेवली, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं आणि वळणावर पुढची चाकं वळत नाहीत. किल्ली आत असल्यामुळे दारं उघडीच ठेवावी लागली. हे सगळं त्यांनी दोनदा तपासलं.

दिघोरीच्या चौकातच पहिला ओरडला. स्कूटरवरचा एक माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, तुमच्या मागं एक ट्रक लागला आहे, अन् त्यात ड्रायव्हरच नाही!"

"माहीत आहे मले. बांधला आहे तो."

पुढे एका रिक्षावाल्याने हात जोडले, मग कॉलेजच्या दोन पोरींनी किंचाळून सांगितलं, मग एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर आडवा घातला. विहीरगाव येईपर्यंत अकरा जणांनी चंपतरावांना सांगितलं होतं की मागच्या गाडीत माणूस नाही. वास्तविक त्यांनी त्यासाठी मोठी पाटी रंगवून घेतली होती, 'मागची गाडी बांधलेली आहे, काळजी नसावी'. पण ती लावली होती बसच्या पाठीवर, आणि तिच्यासमोर ट्रक होता.

"पाटी ट्रकच्या मागं लावाले पाहिजे होती जी," शामलाबाई म्हणाल्या.

"आता सांगून राहिली तू?"

वैतागलेल्या चंपतरावांनी पाचगावच्या अलीकडे एका टपरीशी बस थांबवली आणि दोघं चहाला उतरले.

त्याच टपरीशेजारी नत्थू बोरकुटे उभा होता. नत्थू मनीषनगरात शिंपीकाम करायचा. अख्ख्या मनीषनगरातल्या बायकांचे ब्लाउज तो वेळेवर शिवून द्यायचा, फक्त घरच्या बाईचा, तुळसाबाईचा, ब्लाउज वर्षभर फळीवर पडून होता. भाचीच्या लग्नाला तिला जुनाच घालून जावं लागलं. लग्नाहून ती परतलीच नाही, भावाकडेच राहिली. दोन महिने झाले होते, फोनही उचलत नव्हती. शेवटी नत्थूने तो ब्लाउज शिवला, इस्त्री केला, संत्रा बर्फीच्या डब्यासोबत पिशवीत घातला आणि खैरीटोल्याला, सासुरवाडीला निघाला. पाचगावपर्यंत एका ओळखीच्याने मोटारसायकलवर सोडलं होतं. पुढच्या दोन एसट्या भरून गेल्या.

नत्थूला ट्रक मागच्या बाजूने दिसला. दांडा दिसायचा प्रश्नच नव्हता. किल्ली लावलेली, दार उघडं. म्हणजे ड्रायव्हर इथंच कुठं चहा पीत असणार, आला की विचारू, नाही म्हणाला तर उतरू. असा सरळ विचार करून तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला. ऑक्टोबरचं ऊन चढलं होतं. त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि त्याचा डोळा लागला.

गाडी हलली तसा तो जागा झाला. डोळे न उघडताच अदबीने म्हणाला, "भाऊ, खैरीटोल्याच्या फाट्यावर सोडता का जी?"

भाऊ काही बोलला नाही. नत्थूने उजवीकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

रस्त्याला डावं वळण आलं. नत्थूच्या डोळ्यांदेखत स्टेअरिंग आपणहून डावीकडे फिरलं, वळण संपलं तसं सरळ झालं. इंजिनाचा आवाज नव्हता. समोर हातभर अंतरावर एका भल्यामोठ्या बसची पाठ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'काळजी नसावी'. पाटीचा वरचा भाग काचेवर चढलेल्या धुळीतून आणि नत्थूच्या भेदरलेल्या डोळ्यांना वाचताच आला नाही.

तो ओरडला. कोणी ऐकलं नाही. मग त्याने माणूस शेवटच्या वेळी जे करतो ते केलं. बायकोला फोन लावला. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तुळसाबाईने तो उचलला.

"तुळसा, मी चाललो वं."

"कुठं?"

"माहीत नाही. गाडी चालली, पण चालवणारा कोणी नाही."

"सकाळीच घेऊन आले काय?"

"तुझी शप्पथ! स्टेअरिंग आपोआप फिरून राहिलं. तुळसा, ऐक. तुझा ब्लाउज शिवला मी."

मग तुळसाबाईने विचारलं, "बाही केवढी ठेवली?"

"कोपरापर्यंत. तुले पाहिजे तशीच."

"अन् अस्तर?"

"तुळसा, मी मरून राहिलो!"

"मंग ब्रेक दाबा ना! मले काय विचारता?"

ब्रेकचं पेडल पलीकडे होतं, तिथवर नत्थूचा पाय पोचेना. त्याने मधला हँडब्रेक धरला आणि दोन्ही हातांनी वर ओढला.

पुढे बसमध्ये चंपतरावांना वाटलं, इंजिन गेलं. बस कण्हायला लागली. त्यांनी गिअर खाली घेतला, ॲक्सिलेटर दाबला. बस पुढे ओढत होती, नत्थू मागे ओढत होता. मागून जळक्या रबरासारखा वास यायला लागला. शामलाबाईंना वाटलं, ओट्यापाशी काही जळतं आहे. त्या मागे गेल्या आणि त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"अहो, मागच्या गाडीत माणूस आहे!"

चंपतरावांचा संयम तिथे सुटला. "आता तू सुरू झाली काय? सकाळपासून अख्खं गाव सांगून राहिलं की माणूस नाही, माणूस नाही. अन् तू म्हणते माणूस आहे!"

"आहे म्हणते ना मी! पांढरा शर्ट घातला आहे. मले हात जोडून राहिला!"

बस थांबली. ट्रकच्या मागच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. दार उघडून नत्थू जवळजवळ रस्त्यावर पडला, पण पिशवी त्याने वर धरली होती.

चंपतरावांनी आधी चाकं पाहिली, मग माणूस पाहिला. "हँडब्रेक कोणी ओढला?"

"मी जी."

"काहून?"

"जीव वाचवाले."

"अन् तू माझ्या गाडीत बसला काहून?"

"मले वाटलं, तुम्ही आत आहा."

"मी पुढं आहे ना बापा!"

"ते आता दिसून राहिलं जी," नत्थू म्हणाला, आणि बसच्या सावलीत बसून तो रडायला लागला.

तेवढ्यात त्याच्या खिशातून एक बारीक आवाज आला. "कोण आहे जी तिथं? जिवंत आहेत का ते?" फोन सुरूच होता. शामलाबाईंनी तो काढून कानाला लावला आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं त्या बोलत होत्या. मधून "हो का?", "वर्षभर?", "माझे बी तसेच आहेत वं", असं ऐकू येत होतं. परत आल्या तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

"यांना खैरीटोल्याला सोडायचं आहे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "स्वयंपाक टाकला आहे तुळसाबाईनं."

"अन् तलाव?"

"तलाव कुठं पळून चालला?"

चाकं थंड व्हायला तास गेला. त्या वेळात शामलाबाईंनी नव्या ओट्यावर पहिला चहा केला आणि नत्थूने तीन कप घेतले. खैरीटोल्याच्या फाट्यावर चंपतरावांनी ट्रक सोडवायला घेतला, म्हणजे बस इथेच ठेवून याला ट्रकने पोचवून येऊ. पण ओढाताणीत दांड्याची एक पिन वाकली होती. हातोडीने हलेना, लाथेनेही हलेना. मग अख्खा लवाजमा गावात शिरला. पुढे बस, मागे ट्रक, आणि कोणी पुन्हा ओरडू नये म्हणून ट्रकच्या स्टेअरिंगवर नत्थू. त्याने फक्त हात ठेवायचे होते. काही करायचं नाही, हे त्याला चंपतरावांनी चार वेळा बजावलं.

तुळसाबाई भावाच्या, देवरावच्या, अंगणात उभी होती. जन्मात सायकल धड न चालवलेला आपला नवरा ट्रक चालवत येतो आहे, हे पाहून तिने पदर तोंडाला लावला. मग तिला दांडा दिसला.

"बांधून आणलं का जी तुम्हाले?" ती म्हणाली आणि अशी हसली की शेजारच्या बायाही बाहेर आल्या.

नत्थू खाली उतरला. काय बोलावं ते न सुचून त्याने पिशवी पुढे केली. तुळसाबाई ती घेऊन आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात तो ब्लाउज होता. तिने बाही ओढून पाहिली, खांदा पाहिला, काखेतली शिलाई बोटाने चाचपली. म्हणाली काहीच नाही. नत्थूने मोठा श्वास सोडला. बावीस वर्षांच्या संसारात तिने काही न म्हणणं ही सगळ्यात वरची पावती होती.

पण गल्ली पुढे बंद होती, आणि बांधलेला ट्रक घेऊन बस मागे घेता येत नाही. घ्यायला गेलं की मागची गाडी भलत्याच बाजूला वळते. चंपतरावांनी एकदा प्रयत्न केला तर ट्रक देवरावच्या कडब्यात शिरला. शेवटी देवरावने घण आणला, गावातल्या चौघांनी आळीपाळीने पिन ठोकली, आणि उन्हं उतरता उतरता ती निघाली. तोवर शामलाबाई मागच्या खिडकीतून बायांना ओटा, टाकी, सिंक दाखवत होत्या. सुभद्रा नावाच्या एका म्हातारीने आत येऊन पलंगावर पडून पाहिलं आणि उतरायला नकार दिला. तिला बर्फी देऊन उतरवावं लागलं.

नत्थू लगेच परत जाणार नव्हता. तुळसाबाईचा ब्लाउज पाहून गावातल्या नऊ बायांनी कापड आणून ठेवलं होतं, आणि देवरावच्या घरी मशीन होतं. "आठ दिवसांत सगळे शिवून देतील हे," तुळसाबाईने परस्पर सांगून टाकलं. "मी शेजारी बसते, मंग कसे देत नाहीत ते पाहू. त्याच्यानंतर जाऊ आम्ही नागपूरले." नत्थू मान खाली घालून सुईत दोरा ओवत होता, पण खूश दिसत होता.

चंपतरावांनी बस उलटी काढली तेव्हा अर्धं गाव "येऊ द्या, येऊ द्या" करत मागे चालत होतं. देवरावने ट्रक आधीच फाट्यावर नेला होता, तिथे दुसरी पिन घालून तो पुन्हा बसमागे बांधला. फाट्यावर तुळसाबाईने शामलाबाईंच्या हातात जवसाच्या चटणीची बरणी आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी दिल्या, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत सगळे हात हलवत राहिले.

रस्ता रिकामा झाला तरी चंपतराव पुन्हा पुन्हा आरशात मागे पाहत होते. बावीस वर्षं त्यांनी रोज चाळीस माणसं गेटवर उतरवली होती. माणसं पेंगत चढायची, पेंगत उतरायची, ड्रायव्हरच्या तोंडाकडे कोणी पाहत नसे.

"काय झालं जी?" शामलाबाईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "भाकर गरम आहे का अजून?"

"आहे ना."

त्यांनी बस कडेला घेतली.